सातवा तुकडा

मृणाली केणे आमच्या भिवंडीच्या ज्युनिअर कॉलेजात बायॉलॉजी शिकवायला आली तेव्हा स्टाफरूममध्ये तिच्यासाठी टेबल नव्हतं. फिजिक्सचं माझं टेबल ऐसपैस होतं, म्हणून ती माझ्यासमोर बसू लागली आणि पुढे टेबल मिळालं तरी उठली नाही. तिच्याबद्दल जे सांगतेय त्यातलं बरंचसं मी पाहिलेलं आहे. बाकीचं तिनंच डबा खाता खाता सांगितलं, कधी सलग, कधी तुटक.

तिचं माहेर जवळच्या शेलार गावचं. वडील रामनाथ भातशेती करायचे. मुलगी दहावी झाली की स्थळं बघायची, असा आमच्या इकडच्या आगरी घरांतला तेव्हाचा रिवाज. रामनाथांनी तो मोडला नाही, नुसता लांबवत नेला. आधी बारावी, मग बी.एस्सी., मग "आता एवढं झालंय तर" म्हणत एम.एस्सी. सन २००० मध्ये तिचं लग्न तिथल्याच राहनाळ गावच्या धनेश केणेशी झालं. धनेशच्या वडिलांच्या, बाळारामांच्या शेतांवर गोडाऊनं उभी राहिली होती. घरात भाडं यायचं, काम करण्याची तशी गरज नव्हती. पण धनेशला गोडाऊनच्या ओट्यावर बसून दिवस काढणाऱ्या पोरांचा तिटकारा होता. त्यानं भिवंडीत फोटो स्टुडिओ टाकला होता आणि लग्नाच्या शूटिंगची कामं तो घ्यायचा. बायको कॉलेजात शिकवते हे तो गिऱ्हाइकांना दोनदा तरी ऐकवायचा.

आमचा वर्ग म्हणजे सगळ्या भिवंडीचा नमुना. लूमवाल्या शेठची मुलं, लूमवर दोन शिफ्ट मारणाऱ्या यूपीवाल्यांची मुलं, आसपासच्या गावांतल्या आगरी-कुणबी मुली. पुस्तक इंग्रजीत, समजावणं हिंदीत, रागावणं मराठीत. बारावीच्या पुस्तकात आरएनए तयार होण्याचा भाग होता. बहुतेक शिक्षक तो दोन ओळींत उरकायचे. मृणाली त्यावर दोन-दोन तास घ्यायची.

पेशीत डीएनएवरून आधी एक लांबलचक, कच्चा आरएनए उतरवला जातो. तो जसाच्या तसा कामाचा नसतो. मधले नको असलेले भाग, म्हणजे इंट्रॉन, कापून काढायचे. कामाचे भाग, म्हणजे एक्झॉन, एकमेकांना जोडायचे. पुढच्या टोकाला टोपी बसवायची, मागच्या टोकाला शेपूट लावायचं. मग तो पक्का आरएनए केंद्रकाबाहेर जातो आणि त्यावरून प्रथिन बनतं.

"मॅडम, फेकनाच है तो इतना लंबा बनाते क्यूँ?" दर वर्षी कुणीतरी विचारायचंच.

"हळदीची कॅसेट पाहिली आहेस?" ती विचारायची. "शूटिंगवाला संध्याकाळपासून कॅमेरा चालू ठेवतो. खुर्च्या लावणारे, जनरेटर, कुणाचं तरी रडणारं पोर, सगळं त्यात येतं. मग मिक्सिंगला बसतो. नको ते काढतो, हवं ते जोडतो, पुढे गणपती आणि नवरानवरीची नावं लावतो, शेवटी आभार. घरी येते ती ही कॅसेट. पेशीतही असंच मिक्सिंग चालतं."

मुलं हसायची, पण त्यांच्या लक्षात राहायचं. बोर्डाच्या परीक्षेत तो प्रश्न आमची मुलं सोडत नसत.

उन्नती २००१ च्या पावसाळ्यात झाली. गोरीपान, टपोऱ्या डोळ्यांची, कुणाकडेही जाऊन हसणारी. मान वेळेवर धरली, बसायला लागली. रांगली मात्र नाही. वर्षाची झाली तरी उभं धरलं की पाय कापडासारखे दुमडायचे.

"उशिरा चालतात काही पोरं," मृणालीची सासू राहीबाई म्हणायची. "धनेश दीड वर्साचा होईपर्यंत कडेवरून उतरत नव्हता. मी चोळते तिला. तू तुझी ड्युटी कर."

राहीबाईचे हात भक्कम. तरुणपणी तिनं खाडीच्या चिखलातून निवटे मासे काढले होते, डोक्यावर पाट्या वाहिल्या होत्या. ती रोज सकाळी नातीला पायांवर आडवी घेऊन खोबरेल तेलानं चोळायची, आणि उन्नती तिच्या तोंडाकडे बघत हसत राहायची. गावदेवीला नवस झाला. अंगारा झाला. मृणालीनं कशालाच हरकत घेतली नाही. "मलाही तेव्हा तेच हवं होतं, ताई," ती मला पुढे म्हणाली. "उशिरा चालते, बस्स."

पण उन्नतीची बोटं थरथरायची. खाऊ घ्यायला हात पुढे केला की बोटांतून बारीक कंप जायचा. ते आधी मृणालीला दिसलं आणि नंतर दुसरं काही दिसेना. भिवंडीतल्या मुलांच्या डॉक्टरांनी रबरी हातोडीनं गुडघ्याखाली टकटक केली. पाय उडायला हवा होता, तो हलला नाही. दुसऱ्या पायावर केली, तोही नाही. डॉक्टरांनी हातोडी खिशात ठेवली आणि मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी लिहायला घेतली.

धनेशकडे शूटिंगचं सामान न्यायला ओम्नी गाडी होती. मागच्या सीटवर लाइटचे स्टँड बाजूला सारून राहीबाई नातीला घेऊन बसायची, आणि ते चौघं मुंबईला जायचे. रक्त घेतलं. ते जनुकाच्या तपासणीला गेलं. रिपोर्ट यायला बरेच आठवडे लागले. त्या दिवसांत मृणाली डबा तसाच घरी न्यायची.

रिपोर्ट सांगणाऱ्या डॉक्टरीणबाई वयानं मोठ्या होत्या. समोरच्या आईबापाला कितपत कळेल याचा अंदाज घेत त्या बोलत होत्या. आजाराचं नाव स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी. पाठीच्या कण्यात काही पेशी असतात, त्या स्नायूंना हुकूम देतात. त्या पेशींना जगायला एक प्रथिन लागतं. ते ज्या जनुकावरून बनतं तो उन्नतीमध्ये नाही. आईकडून आला नाही, बापाकडूनही आला नाही. दोघांकडे एक-एक बिघडलेली प्रत असणार. त्याचा त्यांना स्वतःला काही त्रास नाही, म्हणून कधी कळलं नाही.

"तसा त्याच जनुकाचा एक जुळा भाऊ असतो," त्या म्हणाल्या. "तो हिच्यात आहे. पण त्यात एका अक्षराचा फरक आहे, आणि त्यामुळे आरएनए कापून जोडताना..."

"सातवा एक्झॉन वगळला जातो," मृणाली म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवरून मान वर केली. "तुम्ही मेडिकलला आहात?"

"नाही. मी बारावीला शिकवते हे."

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट मिटून बाजूला ठेवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मग मी तुम्हाला वेगळं काय सांगू? औषध नाही. चालणार नाही ती. बसेल, बोलेल, बुद्धी उत्तम राहील. पुढे पाठ वाकेल, श्वासाचे स्नायू थकतील. छातीचा संसर्ग जपा."

धनेश रिपोर्टच्या कागदाकडे बघत होता. बाहेर येऊन ते गाडीत बसले. राहीबाई उन्नतीला घेऊन झाडाखालच्या बाकावर केळं भरवत होती. धनेशनं चावी लावली, पण फिरवली नाही.

"मला सांग," तो म्हणाला. "वर्गात सांगतेस तसं सांग."

तिनं सांगितलं. एक शूटिंग पूर्ण गायब आहे. दुसरं आहे, जवळपास तसंच. पण मिक्सिंगला बसणारा दर वेळी एक कामाचा तुकडा नको म्हणून काढून टाकतो. सातवा. त्यामुळे तयार होतं ते अर्धवट, टिकत नाही.

"दर वेळी?"

"दहातला एखादा बरोबर होतो."

"म्हंजे त्याला जमतं!" धनेश एकदम वळला. "तुकडा हाय. शूटिंग हाय. एखाद्या वेळी बरोबर जोडतो पन. मंग बाकीच्या वेळी का न्हाय जोडत? सांगायचं ना त्याला!"

"कुणाला सांगायचं? तिच्या अंगातल्या प्रत्येक पेशीत तो बसलाय."

"मंग बदलायचा."

"तो बदलता येत नाही, अहो. एका अक्षराचा फरक आहे. तिथं तो अडखळतो."

धनेशनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. हॉर्न वाजला आणि वॉचमन धावत आला, गाडी हलवा म्हणाला. तेव्हा कुठे त्यानं चावी फिरवली.

घरी राहीबाईला काय सांगायचं, यावर दोघांचं बोलणंच झालं नाही. मृणालीनं एवढंच सांगितलं की चोळून उपयोग होणार नाही. राहीबाईनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तेलाची वाटी घेऊन बसली.

"आई, डॉक्टर म्हणाल्या ना..."

"उपेग न्हाय त न्हाय," राहीबाई म्हणाली. "तिला बरं वाटतं ना? मंग?"

धनेशच्या त्या बोलण्यानं मृणालीच्या डोक्यात मात्र किडा सोडला होता. दहातला एक बरोबर होतो. म्हणजे सगळं काही आहे. जनुक आहे, अक्षरं आहेत, तुकडा कच्च्या आरएनएत उतरतोसुद्धा. फक्त पक्का करताना फेकला जातो. दहातले दोन झाले तर? तीन झाले तर? ती रोज कॉलेज सुटलं की कल्याण नाक्याजवळच्या सायबर कॅफेत जायची. पडद्याआडच्या खुर्च्यांवर कॉलेजची पोरं गेम खेळत असायची, आणि ही मध्ये बसून परदेशी शोधनिबंधांचे सारांश वाचायची. पूर्ण निबंध उघडायचे नाहीत. तेवढ्या सारांशांवरच तिनं काय काय जमा केलं.

एक दिवस ती स्टाफरूममध्ये आली ती जवळजवळ धावतच.

"ताई, औषध आहे."

फिट्सवर देतात ते एक जुनं, साधं औषध. आपल्याकडे कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारं. प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींना ते दिलं तर सातवा तुकडा जास्त वेळा टिकून राहतो, असं परदेशात दिसलं होतं. काही ठिकाणी मुलांना द्यायला सुरुवात झाली होती. मला त्यातलं फारसं कळलं नाही, पण तिचा चेहरा बघून मीही म्हणाले, "बघ, देव आहे." ते मी म्हणायला नको होतं असं नाही, त्या दिवशी कुणीही तेच म्हणालं असतं.

मुंबईच्या डॉक्टरीणबाई लगेच तयार झाल्या नाहीत. बशीतल्या पेशी वेगळ्या आणि मूल वेगळं, म्हणाल्या. यकृतावर परिणाम होऊ शकतो. फायदा होईलच असं कुणी सिद्ध केलेलं नाही. मृणालीनं हट्ट धरला. शेवटी सही घेऊन, दर काही आठवड्यांनी रक्त तपासायच्या अटीवर त्यांनी औषध सुरू केलं.

उन्नती तेव्हा चौथ्या वर्षात होती. राहनाळच्या घराच्या ओटीवर सुताराकडून करून घेतलेल्या, बाजूला पट्टे असलेल्या खुर्चीत ती दिवसभर बसायची. समोरचा रस्ता गोडाऊनला जाणाऱ्या ट्रकांचा. अक्षरओळख तिला त्या ट्रकांच्या नंबरप्लेटांवरून झाली. एमएच म्हणजे आपला, जीजे म्हणजे गुजरातचा, एचआर आला की ती आरडाओरडा करायची, "आजी, लांबचा आला!" ड्रायव्हर तिला ओळखायचे. एक सरदारजी दर खेपेला गाडी हळू करून हात हलवायचा, आणि ती आपला हात उचलून उत्तर द्यायचा प्रयत्न करायची. कोपरापर्यंत उचलला जायचा. तिथून पुढे नाही.

औषध सुरू झाल्यावर मृणालीनं तिच्या खुर्चीमागच्या भिंतीवर पेन्सिलनं रेघ मारली. हात कुठवर जातो त्याची. पहिल्या दोन महिन्यांत रेघ वर सरकली. खरंच सरकली. मृणालीनं स्टाफरूममध्ये पेढे वाटले. धनेशनं हँडीकॅमवर उन्नतीचं शूटिंग केलं, हात वर करताना. राहीबाई गावदेवीला जाऊन आली.

पुढच्या खेपेला हॉस्पिटलातल्या फिजिओथेरपिस्टनं नीट मोजलं. ताकदीत फरक नव्हता. हात वर जात होता कारण उन्नतीनं एक युक्ती शोधून काढली होती. ती अंग एका बाजूला झुकवून, खांद्याला झटका देऊन हात वर फेकत होती. आई रेघ बघते आणि खूश होते, हे तिला कळलं होतं.

"मला ते ऐकून तिचा रागच आला, ताई," मृणाली म्हणाली. "चार वर्षांच्या पोरीचा. आणि मग मला स्वतःची एवढी लाज वाटली."

तरी तिनं औषध बंद करू दिलं नाही. अजून सहा महिने, मग अजून काही. उन्नतीचे केस गळायला लागले. वजन वाढलं, आणि अशक्त स्नायूंना ते पेलेना. पूर्वी आधाराशिवाय बसायची ती आता उशी लावल्यावरच बसू लागली. रक्ताचे रिपोर्ट बिघडले. डॉक्टरीणबाईंनी या वेळी विचारलं नाही, थेट बंद करा म्हणाल्या.

परतताना गाडीत उन्नतीनं विचारलं, "औषध संपलं?"

"हो."

"मग मी बरी झाली का?"

धनेश गाडी चालवत होता. मृणाली खिडकीबाहेर बघत होती. राहीबाईनं पोरीचं डोकं आपल्या छातीशी ओढलं आणि म्हणाली, "झाली गो बाय, झाली. आता कडू घ्यायचं न्हाय." उन्नतीला तेवढंच पुरलं.

ती शाळेत जायला लागली. धनेश तिला रोज उचलून गावच्या शाळेत नेऊन बसवायचा आणि दुपारी परत आणायचा. लग्नसराईत त्याची कामं बुडायची, तो बुडू द्यायचा. उन्नती वर्गात पहिली यायची. बाई म्हणायच्या, हिचा हात थरथरतो पण अक्षर वाचता येतं. थंडीत मात्र तिची छाती भरायची. खोकला काढायची ताकद नव्हती. घरात कफ ओढून काढायचं मशीन आलं. तेव्हा भिवंडीत लोडशेडिंग एवढं होतं की लूम अर्धा दिवस मुके असायचे. धनेशनं इन्व्हर्टर बसवला. मशीन कसं चालवायचं ते राहीबाई मृणालीच्या आधी शिकली.

२००७ मध्ये मृणालीला पुन्हा दिवस गेले. ठरवून नव्हे. त्याच आजाराची चारात एक शक्यता, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. यावेळी आधीच तपासता येत होतं. अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा कण घेतला, आणि दोन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंचा स्वतःचा फोन आला. मृणाली तेव्हा स्टाफरूममध्ये होती. तिनं "हो" म्हटलं, "हो, समजलं" म्हटलं, फोन ठेवला आणि घंटा झाली म्हणून खडू उचलून वर्गावर गेली. तास पूर्ण घेऊन ती परत आली आणि मला म्हणाली, "तेच आहे."

गर्भ ठेवायचा नाही, हा निर्णय त्यांनी दोघांनी घेतला. धनेश म्हणाला, उन्नतीला बघतोय, अजून एकाला त्या खुर्चीत बसवायची माझ्यात ताकद नाही. मृणालीचं तेच म्हणणं होतं. बाळाराम उठून मागच्या अंगणात गेले. राहीबाई चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "दोगांना चोळलं असतं मी." एवढंच. पुन्हा तो विषय तिनं काढला नाही. पण त्या वाक्यानं मृणालीला जितकं लागलं तितकं कुणाच्या शिव्यांनीही लागलं नसतं.

खरं लागायचं पुढेच होतं. घर म्हटलं की भिंतींना कान असतात, आणि उन्नती दिवसभर एका जागी बसून असायची. तिच्या कानावरून काही सुटत नसे. हॉस्पिटलमधून येऊन आठवडा झाला होता. मृणाली तिचे केस विंचरत होती.

"आई, आपल्याकडे बाळ येणार होतं ना?"

"हो. नाही आलं."

"आजी कमळामावशीला सांगत होती. ते माझ्यासारखं होतं."

कमळा ही शेजारीण. मृणालीच्या हातातला कंगवा थांबला.

"माझ्यासारखं होतं म्हणून नको झालं?"

मृणालीनं मला हे सांगितलं तेव्हा ती रडली नाही. ती म्हणाली, "मला आरएनए समजावून सांगता येतो, ताई. तीन भाषांत. तिला मी काय सांगणार होते? खोटं बोलले तर ती ओळखते. मी म्हटलं, त्या बाळाला खूप दुखलं असतं."

"मग?"

"ती म्हणाली, 'पण मला कुठं दुखतं?'"

त्या दिवसापासून उन्नतीमध्ये एक फरक पडला, असं मृणाली सांगायची. ती हट्ट करेनाशी झाली. पाणी हवं असलं तरी कुणी विचारेपर्यंत थांबायची. रात्री कूस बदलून द्यायला हाक मारायची ती मारेना. सकाळी एकाच कुशीवर अंग लाल झालेलं दिसायचं. "हाक का नाही मारलीस?" विचारलं तर म्हणायची, "तू झोपली होतीस." राहीबाईनं मग तिच्याच अंथरुणात झोपायला सुरुवात केली.

२००८ च्या डिसेंबरात तिला न्यूमोनिया झाला. आधीही दोनदा झाला होता, तेव्हा निभावलं होतं. यावेळी भिवंडीच्या दवाखान्यातून ठाण्याला नेलं. श्वासाचं मशीन लावायचं का, असं तिथल्या डॉक्टरांनी विचारलं. लावलं तर बहुधा सुटणार नाही, हेही सांगितलं. धनेश म्हणाला लावा. लावलं. नळीमुळे तिला बोलता येत नव्हतं. ती डोळ्यांनी राहीबाईला शोधायची. नियमाप्रमाणे एकालाच आत सोडत. मृणाली स्वतः बाहेर थांबून सासूला आत पाठवायची. का, ते मी विचारलं नाही. मला वाटतं, तिला त्या डोळ्यांसमोर उभं राहवत नव्हतं. मशीन चालू असतानाच, एका दुपारी उन्नती गेली. साडेसात वर्षांची होती.

राहनाळला मी गेले तेव्हा ओटी माणसांनी भरली होती. रस्त्यावरून ट्रक चालले होते. बाळाराम प्रत्येकाला "या" म्हणत होते. मृणाली आत बसली होती, आणि बायका तिच्या गळ्यात पडून रडत होत्या, ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. राहीबाई कुठेच दिसेना. ती मागच्या पडवीत होती, सुताराची खुर्ची पुसत. पट्टे सोडवून धुतले होते तिनं. "कुनाला लागली तर," मला बघून म्हणाली.

मृणाली दहा-बारा दिवसांत कामावर आली. त्या वर्षी तिनं सगळा अभ्यासक्रम वेळेत संपवला. त्यानंतर धनेशनं शूटिंगची कामं सोडली आणि बापाबरोबर गोडाऊनचं बघू लागला. ज्या ओट्यावर बसणाऱ्यांना तो हसायचा त्याच ओट्यावर तो आता संध्याकाळपर्यंत बसलेला दिसतो. दोघांत भांडण नाही. मृणालीनं सांगितलं, आम्ही बोलतो की, गॅस संपला, पाणी आलं. पुन्हा मूल नको हे दोघांनीही कधी ठरवलं नाही, तसंच राहून गेलं. सासरच्या नात्यातल्या एकानं धनेशच्या दुसऱ्या लग्नाचं सुचवलं होतं. त्याला राहीबाईनं घराबाहेर काढलं.

गेल्या वर्षी, २००९ च्या उन्हाळ्यात, मी राहनाळला तिच्या घरी बसले होते तेव्हा एक बाई आली. चंद्रा नाव. आतल्या गावातली कुणब्याची, नवरा जवळच्या पूर्णा गावातल्या गोडाऊनमध्ये माल चढवायला होता. कडेवर वर्षाचा मुलगा, गुटगुटीत, हसरा. कुणीतरी तिला सांगितलं होतं की राहनाळच्या मास्तरीणबाईंच्या मुलीला असंच होतं, त्यांना त्यातलं कळतं.

मृणालीनं मुलाला चटईवर ठेवलं. दोन्ही हात धरून त्याला हळूच बसतं केलं, मान मागे पडली. पाय उचलून सोडला, तो पडला. मग तिनं त्याची बोटं आपल्या तळहातावर ठेवली आणि बराच वेळ बघत राहिली.

"ताई, उशिरा चालतात ना काही पोरं?" चंद्रा म्हणाली. "आमच्या गावात समदी म्हनतात."

"मुंबईला न्यावं लागेल. चिठ्ठी देते मी. तिथं रक्त तपासतील."

"मंग बरा होईल ना?"

मी मृणालीकडे बघत होते. "तपासू दे आधी," असं ती म्हणेल असं मला वाटलं. कुणीही तसंच म्हटलं असतं.

"मला जे वाटतंय तेच असलं तर नाही होणार," मृणाली म्हणाली. "औषध नाही त्याला. तो चालणार नाही. आता घरात दुसरं मूल हवं असेल तर आधी..."

"तुमचं लेकरू गेलं म्हून दुसऱ्याच्या लेकराला असं बोलायचं?" चंद्रा ताडकन उठली. मुलगा दचकून रडायला लागला. "देवानं दिलंय त्यो चालवंल."

ती चिठ्ठी न घेताच निघाली. मृणाली तिच्यामागे फाटकापर्यंत गेली, हाक मारली, पण चंद्रा वळली नाही. रिक्षा थांबवून बसली आणि गेली. पूर्ण्यात कुठे राहते ते विचारायचं राहून गेलं होतं. धनेशनं नंतर दोन-तीन गोडाऊनमध्ये चौकशी केली. हमालांची माणसं महिन्या-महिन्याला बदलतात, कुणाला काही सांगता आलं नाही.

मृणाली आत आली आणि चटई गुंडाळायला लागली.

"थोडं थांबून सांगायचं होतंस," मी म्हणाले.

"मला कुणी थांबून सांगितलं असतं तर काय झालं असतं?" ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, जरा वेगळ्या आवाजात, "कदाचित दोन वर्षं बरी गेली असती."

तिनं चटई भिंतीला टेकवून ठेवली आणि चहा टाकायला आत गेली.